दोन नाताळ आणि माझी रथसप्तमी

माझे वडील अमरावतीत जोशीपण करीत. कोणाच्या घरी बाळंतीण अडली की आधी सुईण येई आणि पाठोपाठ आमच्याकडचं घटिकापात्र जाई. तळाला बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, ती किती वेळा बुडाली ते मोजायचं, आणि पोराचा पहिला आवाज कानावर आला की वेळ धरायची. त्यावरून वडील पत्रिका मांडीत. बामणांच्या, वाण्यांच्या आणि कापसावर नव्यानं वर आलेल्या पाटलांच्या पोरांच्या पत्रिका आमच्या ओटीवर तयार होत. अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीची, म्हणजे माझी, पत्रिका मात्र नव्हती.

त्यात चूक कोणाचीच नव्हती. आई बाळंतपणाला माहेरी निघाली होती, तिवशाच्या पलीकडे. वैशाखात लग्नं लावायला जोशी हवा, म्हणून वडील गावातच राहिले आणि सोबत आत्या गेली. वाटेत वावटळ उठली, बैल बुजले, गाडीचा आस मोडला आणि रस्त्याकडेच्या एका धनगरवस्तीवर मी जन्मले. घटिकापात्र सामानात होतं, पण त्याची आठवण कोणाला होणार? आईला ताप भरला आणि तो बरेच दिवस उतरला नाही. ती शुद्धीवर येऊन वडिलांना निरोप जाईपर्यंत, मी कोणत्या दिवशी जन्मले याचा घोळ झालेला होता.

आत्या म्हणायची, "संकष्टीले झाली. माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता, मले चांगलं याद आहे."

आई म्हणायची, "कण तर आदल्या दिवशीबी कोणाच्याच पोटात नव्हता. दशम्यांची पुरचुंडी मातीत गेली होती."

"चंद्र पाह्यला होता का?" असं वडिलांनी विचारलं, तर धुळीनं आभाळ असं भरलं होतं की दोन्ही दिवस चंद्र कोणाला दिसला नाही. गाडीवानाला विचारलं. तो म्हणाला, "बैल बुजले, त्या दिशी." यापलीकडे त्याचं पंचांग जात नव्हतं.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण आमच्या घरात कोणी हसत नसे. त्या वर्षी संकष्टीच्या दिवशी नक्षत्र पूर्वाषाढा होतं आणि आदल्या दिवशी मूळ. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याच्या मुळावर येते, अशी तेव्हा सगळ्यांची पक्की समजूत. म्हणजे मी एका दिवशी जन्मले असले तर चारचौघींसारखी, आणि आदल्या दिवशी जन्मले असले तर कोणा एका म्हाताऱ्याचं मरण. विहिरीवर बायका माझ्याकडे पाहून आवाज खाली आणत, आणि आवाज खाली आणला की पोरांना जास्तच ऐकू येतं, हे मोठ्या माणसांना कधी समजत नाही.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. कोणी वयस्क पाहुणा आला की त्याला पाण्याचा तांब्या द्यायला मी कचरत असे. हाच माझा सासरा व्हायचा असला तर? मी त्याच्याकडे चोरून पाही आणि मनात म्हणे, बाबा रे, तू इथून लवकर जा. माझ्यात काहीतरी वाईट आहे आणि ते एक दिवस बाहेर येईल, असं मला खरोखर वाटे. दुसरं दुःख लहान होतं, पण तेच जास्त टोचे. माझ्या दोन्ही भावांना त्यांच्या त्यांच्या तिथीला आई पाटावर बसवून ओवाळी. मला तिथीच नव्हती, त्यामुळे पाट नव्हता आणि निरांजनही नव्हतं. भावाचं औक्षण चाललं की मी तबकातल्या सुपारीकडे बघत उभी राही.

आत्या वडिलांच्या मागे लागे. "लिहून टाक ना रे पूर्वाषाढा! कोण येते पाहाले?"

वडील म्हणत, "अक्का, जे मी पाह्यलं नाही आणि कोणी सांगू शकत नाही, ते कसं लिहू? लोक माझ्या शाईवर लेकी देऊन राहिले."

मला त्यांचा भयंकर राग येई. दुसऱ्यांच्या मुलींकरता इतका खरेपणा, आणि माझ्याकरता एक ओळ नाही! अशा वडिलांपेक्षा खोटारडे वडील बरे, असंही मी एकदा आईला म्हटलं. आई मला रागावली नाही. तिलाही बहुतेक तसंच वाटत असावं.

तो काळ कापसाचा होता. कुठेतरी सातासमुद्रापलीकडे लढाई चालू होती, आणि तिथला कापूस अडला म्हणून आमच्या काळ्या रानातल्या बोंडांना सोन्याचा मान आला होता. ज्यांनी आजवर धड जोडा घातला नव्हता ते जरीचे फेटे बांधून बाजारात येऊ लागले. गाड्या रुईनं इतक्या भरत की मागून बैलांची शिंगंसुद्धा दिसत नसत. सगळं गाव वर्षभर नाका-केसांत रुईचे तंतू घेऊन हिंडे. विलायतेचे व्यापारी अमरावतीत वखारी घालून बसले. त्यांत दोघे मोठे. एक इंग्रज, लाल तोंडाचा, घाईचा. दुसरा त्याच्यासारखाच गोरा, पण काळ्याभोर मिशांचा, आणि त्याच्या हातात सदा मण्यांची एक माळ. जप मात्र काही नाही, मणी नुसते इकडचे तिकडे. लोक त्याला माळवाला साहेब म्हणत. तो ग्रीक होता हे मला फार पुढे कळलं.

त्याच सुमारास अकोल्याहून माझ्याकरता स्थळ आलं. मुलाचे वडील कचेरीत वकील, घर चांगलं, आणि मुलगा शाळेत शिकणारा. वकिलांचा निरोप असा होता की, संक्रांतीनंतर कामानं अमरावतीला येणं आहे, तेव्हा मुलगी पाहू आणि पत्रिकाही घेऊन जाऊ, तयार ठेवावी. घरात आनंद झाला आणि लगेच सगळ्यांना माझी नसलेली पत्रिका आठवली. वडिलांनी दौत-लेखणी काढली, कागदावर गणपतीचं नाव घातलं, आणि त्याखाली तो कागद कोराच राहिला.

वडिलांचं आणखी एक काम होतं. बाजारात रोज सकाळी ते पंचांग वाचत. तिथी, वार, नक्षत्र सांगून झालं की आडत्यांच्या सांगण्यावरून वखारी कोणत्या दिवशी बंद, हेही सांगत. म्हणजे लांबून येणाऱ्या गाड्यांना हेलपाटा नको. त्या वर्षी त्यांना निरोप आला की साहेब लोकांचा बडा दिन येतो आहे, वखारीला सुट्टी. वडिलांनी विचारलं, "हा बडा दिन म्हणजे काय?" आडत्या म्हणाला, "त्यायच्या देवाची जयंती." वडील म्हणाले, "जयंती ठीक, पण बडा काहून? हल्ली तर दिवसमान सगळ्यांत लहान आहे." मग त्यांनी बाजारात जाहीर केलं की, अमक्या दिवशी साहेबांच्या देवाचा जन्मोत्सव, वखारी बंद, दुसऱ्या दिवसापासून सर्व चालू. सगळं ठीक पार पडलं. देव एक, म्हणून जयंती एक, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांच्या जागी मीही तेच धरलं असतं.

संक्रांत आठवड्यावर आली असताना एक दिवस माळवाल्या साहेबाची वखार बंद. दाराला पानांचं तोरण, आत माणसांची लगबग, आणि बाहेर गाड्यांची रांग. चांदूरकडून रात्रभर चालून आलेले गाडीवान उन्हात उभे. रखवालदार म्हणाला, आज बडा दिन आहे. गाडीवान तडक आमच्या ओटीवर आले.

"जोशीबुवा," त्यांच्यातला एक म्हणाला, "देवाचा जलम एकदाच होते ना?"

"एकदाच."

"मंग हा दुसऱ्यांदा कसा जलमला? आमचे बैल काय तिथं उभ्या उभ्या चारा मांगून राहिले!"

वडील ओशाळे झाले. आयुष्यात त्यांचं एकही ग्रहण चुकलं नव्हतं, आणि इथे एका साध्या सुट्टीनं फजिती केली. त्यांनी अंगरखा चढवला आणि वखारीकडे निघाले. मी मागे लागले. आत्या ओरडली, "पोरीले काहून नेतो रे त्या म्लेंच्छाकडे?" पण वडील इतके तणतणत होते की मी बरोबर आहे हेच त्यांच्या लक्षात आलं नाही.

साहेब वडिलांना ओळखत होता. हंगामातला पहिला सौदा मुहूर्तावर व्हावा म्हणून तो दरवर्षी त्यांना बोलावी. इंग्रज मुहूर्ताला हसे, हा मात्र टोपीला हात लावून नमस्कार करी. त्यानं आम्हाला व्हरांड्यात बसवलं. शिजवलेलं आम्ही काही घेणार नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून माझ्या हातात एक डाळिंब दिलं. वडिलांनी बसल्या बसल्या विचारलं, "साहेब, उस अंग्रेज का देव और तुम्हारा देव अलग है?"

"एक ही है, पंडितजी."

"तो जन्म दो बार कैसे?"

साहेब मोठ्यानं हसला. मग त्यानं समजावलं. दोघांचाही दिवस डिसेंबरची पंचवीस तारीखच. पण इंग्रजांनी आपलं पंचांग सुधारून घेतलं आणि त्याच्या लोकांचं जुनंच चालू आहे, म्हणून त्याची पंचवीस मागाहून येते. हे ऐकून वडिलांचा चेहरा खुलला. पंचांगाची भांडणं त्यांना घरची होती. स्मार्तांची एकादशी आज आणि भागवतांची उद्या, हा निवाडा तर ते दरसाल करीत. ते पुढे सरकून बसले. "ठीक. लेकिन असली जन्म कब का? तिथी क्या, वेळ क्या? बताओ, मैं मांडता हूं पत्रिका." त्यांच्या दृष्टीनं साहेबाच्या देवाला देण्यासारखी याहून मोठी भेट नव्हती.

साहेबानं माळेचे मणी थांबवले. "पंडितजी, वह तो किसी को मालूम नहीं."

"मालूम नहीं?"

"किताब में दिन नहीं लिखा. महीना भी नहीं. इतना लिखा है कि रात थी, और गडरिये मैदान में भेडें संभाल रहे थे. बस. उसकी मां सफर में थी."

मी डाळिंब सोलता सोलता थांबले. वाटेवरची बाई, धनगर, कोणी न पाहिलेली वेळ! हा माणूस आमच्या घरची गोष्ट कोणाकडून ऐकून आला, असंच मला वाटलं. वडिलांनीही एकदा माझ्याकडे पाहिलं. बहुधा मी आल्याचं त्यांना तेव्हाच कळलं.

"फिर यह पच्चीस किसने ठहराई?"

"बुजुर्गों ने. कोई कहता है, जब दिन बढने लगता है, उसके आसपास रख दी."

"म्हणजे उत्तरायण," वडील मराठीतच पुटपुटले.

"कोई कुछ और कहता है. झगडा बहुत है."

"और गलत निकली तो?"

साहेबानं खांदे उडवले. "तो क्या, पंडितजी? वह पैदा तो हुआ था ना? दिन नहीं मालूम, इसलिए मेरी मां दिया न जलाए?"

वडील नमस्कार करून उठले. निघताना त्यांनी गाडीवानांची अडचण सांगितली. साहेबानं वखारीचं मागचं आवार उघडून दिलं आणि बैलांना कडबा टाकायला सांगितलं. गाडीवानांनी दोन्ही देवांना माफ केलं.

घरी येताना वडील माझं बोट धरून चालले होते. मी मोठी झाल्यापासून त्यांनी तसं धरलं नव्हतं. वाटेत एकदाच थांबले आणि म्हणाले, "तू जन्मली तर आहेसच, नाही का?" मी म्हटलं, "हो बाबा." त्यांनी मान डोलावली, जणू हे त्यांना नव्यानंच समजलं होतं.

घरी आत्यानं त्यांना आधी अंघोळीला पिटाळलं. अंघोळ करून आल्यावर ते आईला म्हणाले, "हिले यंदापासून रथसप्तमीले ओवाळायचं."

आत्या म्हणाली, "रथसप्तमीले? ती तर माघात येते! पोरगी वैशाखातली!"

"अक्का, रथसप्तमी म्हणजे सूर्याची जयंती. सूर्य जन्मला तेव्हा घटिकापात्र घेऊन कोण बसलं होतं? तरी आपण दरसाल दूध उतू घालवतोच ना?"

आई स्वयंपाकघरात गेली आणि पदरानं डोळे पुसू लागली. वडिलांवरचा माझा राग त्या दिवशी संपला, अगदी पुरता संपला.

रथसप्तमी आली. आईनं अंगणात सूर्याच्या रथाची रांगोळी काढली. गोवऱ्या पेटवून त्यावर बोळक्यात दूध ठेवलं. ते पूर्वेकडे उतू गेल्यावर मला पाटावर बसवलं. नवं परकर-पोलकं होतं, कपाळाला कुंकू होतं. आईनं निरांजन उजळलं आणि सुपारी माझ्याभोवती फिरवली. इतकी वर्षं लांबून पाहिलेली ती सुपारी माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि मला हसूच आवरेना. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि अकोल्याचे वकील उतरले. संक्रांतीनंतर येतो म्हणाले होते, ते नेमके तेव्हा.

उंचेपुरे गृहस्थ, केस पिकलेले. अंगणातच उभे राहून कौतुकानं म्हणाले, "अरे वा! आज वाढदिवस दिसते मुलीचा."

आईचा हात तबकासह थांबला. वडिलांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. आत्या डोळ्यांनी त्यांना विनवत होती. मीही मनात म्हणत होते, बाबा, एकदाच हो म्हणा.

"वाढदिवस नाही," वडील म्हणाले. "साजरा करायचा दिवस आहे. जन्मदिवस आमाले ठाऊक नाही."

मग तिथेच उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. मोडलेला आस, धूळ, दोन दिवसांची उपासमार, मूळ की पूर्वाषाढा. वकिलांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते सावकाश ओटीवर बसले.

"तुमी जोशी आहात," ते म्हणाले. "पूर्वाषाढा लिहून हाती ठेवलं असतं, तर मले काय समजणार होतं?"

"काहीच समजलं नसतं."

"आणि मूळ असलं तर जीव माझा जाते."

"लोक असं म्हणतात. खरं खोटं मी आजवर तपासलं नाही. पण ज्याचा जीव त्याले सांगितल्याशिवाय कसं राहावं?"

वकिलांनी मला जवळ बोलावलं. इतके दिवस ज्याला घाबरत होते तो म्हातारा हाच, आणि तो दिसायला भला होता. त्यामुळे मला जास्तच रडू येऊ लागलं.

"काय पोरी, मी मरीन काय तुझ्यापायी?"

मला नाही म्हणायचं होतं. फार फार म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "मले ठाऊक नाही." आणि मी रडू लागले.

वकील असे हसले की रांगोळीवरच्या चिमण्या उडाल्या. "बापबी तेच बोलते आणि लेकबी तेच!" ते म्हणाले. "कचेरीत रोज लोक माझ्यापुढं शपथेवर सांगतात का आमाले सारं ठाऊक आहे. कान किटले माझे. आमच्या घरी एक तरी मानूस पाह्यजे, ठाऊक नाही म्हननारं." मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, थांबल्या काहून? पोरगी जन्मली तर आहे ना? पुरं करा औक्षण."

ते साहेबाला कधी भेटले नव्हते. वडिलांनी एकदम वर पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

लग्न नावरासीवर जुळवलं, म्हणजे जन्मनक्षत्राऐवजी नावाच्या पहिल्या अक्षरावरून. तशी चालही आहे. मी अकोल्याला आले. भीती एका दिवसात गेली नाही. मामंजी नुसते खोकले तरी मी स्वयंपाकघरातून धावत येई. हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, पण त्यांनी कधी तोंडानं समजूत घातली नाही. दर रथसप्तमीला मात्र, कचेरीचं कितीही मोठं काम असो, ते घरी राहत. सासूबाई मला पाटावर बसवीत, आणि ते समोर ओटीच्या खांबाला टेकून बसत. ओवाळण्याआधी मला विचारत, "सूनबाई, मी आहो ना अजून?" मी मान खाली घालून म्हणे, "आहात, मामंजी." मग ते सासूबाईंना खूण करत.

पहिली काही वर्षं हे म्हणण्याआधी मी त्यांच्याकडे एकदा चोरून पाहून घेई. पुढे मुलं झाली, ती मोठी झाली. माझे केस पिकू लागले, आणि तो प्रश्न आमच्या घरातली थट्टा झाला. नातवंडंही माझ्याआधी ओरडत, "आहात, आबा!" कापसाचा तो काळ केव्हाच ओसरला. दोन्ही साहेब आपापल्या मुलखांत गेले. माझे वडीलही गेले. मामंजी होतेच.

शेवटी त्यांची दृष्टी गेली आणि उठवेना. त्या माघात ते बोलणंही जवळजवळ विसरले होते. सासूबाई आता नव्हत्या, म्हणून मला कोणी ओवाळावं हा प्रश्नच होता, आणि मी म्हटलं, यंदा राहू दे. अंगणात दूध मात्र ठेवलं. ते उतू गेल्याचा वास त्यांना आला असावा, कारण खाटेवरून त्यांनी हात वर केला. मी जवळ जाऊन बसले. माझी थोरली सूनही आली.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी आहो ना अजून?"

मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "आहात, मामंजी."

"मंग झालं तर," ते माझ्या सुनेच्या चाहुलीकडे तोंड करून म्हणाले, "ओवाळ हिले."